विश्लेषण : भारतीय चित्रपटाची पहिली नायिका नाशिकला कशी मिळाली? कमलाबाई गोखले यांचे नाव मागे का राहिले?

दादासाहेब फाळके यांच्या आयुष्यावर पुन्हा चित्रपट येणार, या घोषणा गेल्या काही वर्षांत एकापाठोपाठ झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये एस. एस. राजामौली यांनी भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेवरील ‘मेड इन इंडिया’ची घोषणा केली. मे २०२५ मध्ये आमिर खान आणि राजकुमार हिरानी फाळके यांच्यावर चित्रपट करणार असल्याचे जाहीर झाले. या घोषणांनंतर त्र्यंबकेश्वरचा जन्म, ‘राजा हरिश्चंद्र’, नाशिकची कंपनी या गोष्टी पुन्हा चर्चेत आल्या. पण याच नाशिकमध्ये तयार झालेल्या चित्रपटात पहिल्यांदा स्त्रीची भूमिका स्त्रीने केली, हे फारसे बोलले जात नाही. ती भूमिका करणारी मुलगी तेव्हा सुमारे १३ वर्षांची होती. तिचे नाव कमला. पुढे ती कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये एकही स्त्री का नव्हती?

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे प्रदर्शित झाला. त्यातील तारामती अण्णा साळुंके यांनी साकारली होती. साळुंके हे ग्रँट रोड परिसरातील एका खाणावळीत काम करत होते. फाळके यांनी अभिनेत्रींसाठी जाहिरात दिली, वेश्यावस्तीतही विचारणा केली, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी स्त्री मिळाली नाही. पुरुषांनाही या कामाची लाज वाटत असे. त्यामुळे ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो’ असे घरी-दारी सांगा, असे फाळके आपल्या कलाकारांना सांगत.

याचा अर्थ त्या चित्रपटामागे स्त्री नव्हती असा नाही. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी कच्च्या फिल्मला छिद्रे पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परावर्तित केला, फिल्म धुण्याच्या कामात हात लावला आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले. तारामतीची भूमिका करण्याचा आग्रह मात्र त्यांनी मान्य केला नाही.

नायिका शोधण्याची ही अडचण नवीन नव्हती. मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करत आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. बालगंधर्वांची लोकप्रियता तेव्हा शिखराकडे निघाली होती. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे हे ‘घरंदाज’पणाच्या विरुद्ध मानले जाई. चित्रपटाने रंगभूमीकडून कथा आणि पोशाख घेतले, तसा हा संकेतही घेतला.

मग नाशिकमध्ये काय बदलले?

‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर १९१३ मध्येच फाळके यांनी आपला कारभार मुंबईच्या दादरहून नाशिकला हलवला. गोदावरीचे घाट, मंदिरे, डोंगर, भरपूर ऊन अशा गोष्टी पौराणिक चित्रपटासाठी हाताशी होत्या. त्या काळी चित्रीकरण प्रामुख्याने सूर्यप्रकाशात होत असल्याने हे महत्त्वाचे होते.

त्याच सुमारास ‘चित्ताकर्षक नाटक कंपनी’ नाशिकमध्ये मुक्कामाला होती. कंपनीची सूत्रे रघुनाथराव गोखले यांच्याकडे होती. तिचे वेगळेपण हे की, तिच्यात स्त्रिया काम करत. फाळके यांनी रघुनाथरावांकडे दोन अभिनेत्रींची मागणी केली आणि त्यांनी ती मान्य केली. या दोघी म्हणजे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई पार्वती झाल्या, तर कमला मोहिनी झाली.

म्हणजे मुंबईत जाहिरात देऊन जे जमले नव्हते, ते नाशिकमध्ये फिरत्या नाटक कंपनीमुळे जमले. पडद्यावर येण्याचे धाडस या मायलेकींनी अचानक केले नाही. समाजाचा रोष पत्करून त्या आधीच रंगभूमीवर उभ्या होत्या. त्यामुळे चित्रपटात येण्यासाठी त्यांना नव्याने काही गमावायचे नव्हते.

दुर्गाबाई रंगभूमीवर कशा आल्या?

दुर्गाबाईंचे पती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुर्गाबाई त्यांच्यापासून विभक्त झाल्या. लहान मुलीला घेऊन वेगळ्या राहणाऱ्या ब्राह्मण स्त्रीसमोर तेव्हा पोट भरण्याचे मार्ग अगदी मोजके होते. परक्या घरची धुणीभांडी करणे किंवा त्याहून वाईट वाटेला जाणे, हेच पर्याय दिसत. दुर्गाबाईंनी नाटक कंपनी निवडली. त्याची किंमत म्हणून स्वजातीने त्यांना दूर लोटले.

कमला वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षीच रंगमंचावर उभी राहिली. तिची शाळा म्हणजे नाटक कंपनीच. पाठांतर, गाणे, चाल, रंगभूषा हे सारे तिने मुक्कामामुक्कामाला शिकून घेतले. म्हणून नाशिकमध्ये फाळके यांच्या कॅमेऱ्यासमोर आलेली १३ वर्षांची मुलगी नवखी नव्हती. अभिनयाच्या कामात तिची आठ-नऊ वर्षे गेली होती. कॅमेरा मात्र तिला नवा होता.

‘मोहिनी भस्मासुर’ नेमका कसा होता?

पुराणातील कथा सर्वांना माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेन तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला शंकराकडून मिळतो. तो शंकरावरच उलटतो. तेव्हा विष्णू मोहिनीचे रूप घेतो, नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावतो आणि त्याचा अंत होतो. मूळ कथेतच पुरुष देव स्त्रीरूप घेतो. त्या काळच्या रिवाजानुसार ही भूमिका एखाद्या पुरुष नटाकडे सहज गेली असती. पण मोहिनी झाली ती कमला.

हा चित्रपट ३ जानेवारी १९१४ रोजी मुंबईत कॉरोनेशन येथेच झळकला. काही याद्यांमध्ये त्याच्यापुढे १९१३ हे निर्मितीचे वर्ष दिसते, त्याचे कारण हेच. त्याच्यासोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपटही दाखवला गेला.

‘मोहिनी भस्मासुर’ची लांबी ३,२४५ फूट होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपटाच्या काळातील सेकंदाला १६ चौकटी हा वेग धरला, तर एक फूट म्हणजे एक सेकंद. या हिशेबाने तो साधारण ५४ मिनिटांचा होतो. यंत्र हाताने फिरवले जात असल्याने प्रत्यक्ष वेळ थोडी मागेपुढे होत असेल. म्हणजे हा काही चार-दोन मिनिटांचा प्रयोग नव्हता, जवळपास तासाभराचा चित्रपट होता.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये फाळके लंडनला गेले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘सत्यवान सावित्री’सोबत ‘मोहिनी भस्मासुर’ही त्यांच्या सामानात होता. पहिले महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. तशा काळातही तेथील जाणकारांनी या चित्रपटांच्या तांत्रिक बाजूचे कौतुक केले. नाशिकमध्ये काम केलेल्या या मायलेकींचा चित्रपट असा वर्षभरातच लंडनला पोहोचला होता.

पहिली अभिनेत्री कोण? आई की मुलगी?

हा प्रश्न स्पर्धा परीक्षांपासून समाजमाध्यमांवरील प्रश्नमंजूषेपर्यंत सगळीकडे विचारला जातो आणि उत्तर कधी दुर्गाबाई, तर कधी कमलाबाई असे दिले जाते. दोघी एकाच चित्रपटात, एकाच वेळी पडद्यावर आल्या. त्यामुळे पहिला मान दोघींचा मिळून आहे. शीर्षक भूमिका कमलाबाईंची होती, म्हणून त्यांना पहिली नायिका म्हणणे योग्य ठरते. दुर्गाबाई या चित्रपटातील पहिल्या प्रौढ अभिनेत्री ठरतात.

आणखी एक गोंधळ आहे. इंटरनेटवर काही ठिकाणी दुर्गाबाईंचे जन्मवर्ष १८९९ दिलेले आढळते. कमलाबाईंचे जन्मवर्ष १९०० मानले जाते. आई आणि मुलीत एका वर्षाचे अंतर असू शकत नाही, एवढा साधा हिशेबही न करता ही माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवली जात आहे. आडनावाचाही घोळ आहे. गोखले हे कमलाबाईंचे सासरचे नाव. त्यांचे लग्न पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले. त्यामुळे एकाच व्यक्तीचा उल्लेख कुठे कमला कामत, तर कुठे कमलाबाई गोखले असा सापडतो.

नाशिकमध्ये यानंतर स्त्रिया पडद्यावर येऊ लागल्या का?

एकदा वाट मोकळी झाली की पुढचे आपोआप होते, असे वाटते. येथे तसे झाले नाही. १९१७ मध्ये फाळके यांचा ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’नंतर तीन वर्षांनीही नायिका पुन्हा पुरुषच होता.

याचे एक कारण कामाच्या पद्धतीत दिसते. फाळके यांच्याकडे पगारी माणसे असत आणि ती कायम कंपनीत राहत. कमला आणि दुर्गाबाई मात्र नाटक कंपनीच्या होत्या. त्या एका चित्रपटापुरत्या मिळाल्या होत्या. कंपनीचा मुक्काम हलला की अभिनेत्रीही हलणार. पडद्यावर एकदा स्त्री दिसल्याने घराघरातील स्त्रियांसाठी चित्रपटाचे दार उघडले नाही. ते उघडायला आणखी दीड-दोन दशके लागली.

नाशिकमध्ये पुढची ठळक भूमिका केली ती फाळके यांच्या मुलीने. १ जानेवारी १९१८ पासून ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’चे काम नाशिकमध्ये सुरू झाले. तिच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये छोट्या मंदाकिनी फाळके हिने बाळकृष्ण साकारला. चित्रपटाच्या सुरुवातीला ती कॅमेऱ्याकडे पाहून चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणून दाखवते. तो भाग आजही पाहता येतो. मुलीने मुलाची भूमिका करणे घरच्या कंपनीत शक्य झाले. पण बाहेरच्या स्त्रीने नायिका होणे अजून अवघडच होते.

१९२० च्या दशकात मुंबई आणि कोलकात्यात पेशन्स कूपर, रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना अशा अँग्लो-इंडियन आणि ज्यू कुटुंबांतील अभिनेत्रींनी ही जागा घेतली. मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने मोठा बदल झाला तो १९३२ मध्ये. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. १९१३ मध्ये साळुंके यांनी केलेली भूमिका आता सधन, सुशिक्षित घरातील स्त्रीने केली. यासाठी १९ वर्षे लागली. रंगभूमीवरही ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या अभिनेत्री आल्या, त्या १९३३ मध्ये.

कमलाबाईंचे पुढे काय झाले?

प्रसिद्धीच्या बाबतीत चित्रपटाने त्यांना फार काही दिले नाही. त्यांचे घर चालले ते रंगभूमीवर. लग्नानंतरही त्या नाटकात काम करत राहिल्या. स्त्रीभूमिकांबरोबर त्यांनी पुरुष भूमिकाही केल्या. पुरुष नट साडी नेसून उभे राहत होते त्या काळात एक स्त्री पुरुषवेषात उभी राहत होती, हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे.

वयाच्या पंचविशीत त्यांना वैधव्य आले. तीन मुलांची जबाबदारी एकटीवर पडली. विधवेने घराबाहेर पडू नये, अशी अपेक्षा असण्याच्या त्या काळात कमलाबाई रंग लावून प्रेक्षकांसमोर जात राहिल्या. ती त्यांची हौस नव्हती, रोजीरोटी होती. आईने एक पिढी आधी जो मार्ग धरला, तोच मुलीला धरावा लागला. फरक इतकाच की, मुलीच्या हाती लहानपणापासून शिकलेली विद्या होती.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपट आणला आणि गाता येणाऱ्या, शब्द स्वच्छ बोलणाऱ्या कलाकारांची गरज निर्माण झाली. रंगभूमीवर तयार झालेल्या कमलाबाईंना तेव्हा पुन्हा चित्रपटात कामे मिळाली. त्यांनी एकूण सुमारे ३५ चित्रपट केले. १९८० च्या ‘गहराई’पर्यंत त्या पडद्यावर दिसल्या. पहिला मूकपट ते रंगीत हिंदी भयपट, असा साडेसहा दशकांहून मोठा हा प्रवास आहे.

त्यांच्या मुलांपैकी चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) लहान वयातच रंगभूमीवर आले आणि मराठी नाटक-चित्रपटातील मान्यवर अभिनेते झाले. लालजी आणि सूर्यकांत हे तबलावादक झाले. नातू विक्रम गोखले यांना ‘अनुमती’ या मराठी चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक बातम्यांत ‘पहिल्या अभिनेत्रीचे नातू’ असा उल्लेख होता. नव्या वाचकांपैकी कित्येकांना कमलाबाईंचे नाव तेव्हाच प्रथम कळले असावे. एरवी नातू आजीच्या नावाने ओळखला जातो. येथे आजीची ओळख नातवाच्या मृत्युलेखातून झाली.

चित्रपट आज पाहता येतो का?

नाही. ‘मोहिनी भस्मासुर’ हरवलेल्या चित्रपटांच्या यादीत आहे. तुलनेसाठी, ३,७०० फुटांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे मिळून सुमारे १,४७५ फूट फिल्म वाचली आहे, म्हणजे साधारण ४० टक्के. ‘मोहिनी भस्मासुर’चा हाच आकडा शून्य आहे.

हे एकाच चित्रपटाचे झाले असे नाही. भारतात सुमारे १,३०० मूकपट तयार झाले, त्यांतील जेमतेम ३० च्या आसपास पूर्ण किंवा तुटक स्वरूपात उरले आहेत. त्यामागे तांत्रिक कारण आहे. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते, उष्ण आणि दमट हवेत कुजते, चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. तिच्यावरील चांदी काढून विकण्यासाठीही जुन्या फिल्म नष्ट केल्या गेल्या. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, ‘मोहिनी भस्मासुर’नंतर ५० वर्षांनी. पी. के. नायर यांच्या प्रयत्नांमुळे फाळके यांच्या काही चित्रपटांचे अवशेष तेथे आले. पण तोवर बरेच काही हातचे गेले होते. नंतरही धोका टळला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात चित्रपट संस्थेच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि सुमारे १,७०० नायट्रेट फिल्म जळाल्या.

कमलाबाईंची दखल घेतली गेली का?

फाळके यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. त्याच्या पहिल्या मानकरी देविका राणी, म्हणजे एक अभिनेत्रीच होत्या. पुढे सुलोचना (रूबी मायर्स), कानन देवी, दुर्गा खोटे यांनाही तो मिळाला. ज्या अभिनेत्रीने फाळके यांच्याच चित्रपटात पहिली नायिका साकारली, ती या सर्व वर्षांत हयात होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे निधन झाले. पुरस्काराच्या यादीत तिचे नाव नाही.

आज त्यांच्याबद्दल जे काही थेट त्यांच्या तोंडून कळते, त्यातील मोठा भाग रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटामुळे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, कमलाबाई नव्वदीच्या घरात असताना तो तयार झाला. पुण्यात एकट्या राहणाऱ्या कमलाबाई त्यात आपले दिवस आठवतात, जुन्या नाटकांतील भाग म्हणून दाखवतात. माहितीपट पाऊण तासाच्या आसपासचा आहे. तो आणखी दहा वर्षे उशिरा करायचे ठरले असते, तर करताच आला नसता.

पुढे काय?

फाळके यांच्यावरील चित्रपट आले, तर नाशिकचा भाग त्यात असेलच. तेव्हा पडद्यावर किती जागा कोणाला मिळते, हे पाहण्यासारखे असेल. फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाई, मुलीचे बोट धरून कंपनीत शिरलेल्या दुर्गाबाई, १३ वर्षांची कमला आणि बाळकृष्ण झालेली मंदाकिनी या चौघी वगळल्या तर ती कथा अपुरी राहील.

नाशिककरांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा महामार्गालगत फाळके स्मारक आहे. शाळांच्या सहली तेथे जातात. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत तयार झाला. नाशिकचा स्वतःचा पहिला मोठा चित्रपट म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’. म्हणून कमलाबाईंची आठवण ठेवण्याची पहिली जबाबदारी याच शहराची ठरते. त्यांचे नाव, भूमिका आणि साल योग्यरीत्या लिहून ठेवायला मोठा निधी लागत नाही.

नव्या चित्रपटात मोहिनीच्या नृत्याचा प्रसंग घ्यायचे ठरले, तर दिग्दर्शकाला तो पूर्णपणे कल्पनेनेच उभा करावा लागेल. समोर ठेवायला मूळ चित्रपटाचा एक फूटही उरलेला नाही. त्या मोहिनीला प्रत्यक्ष हालताना-बोलताना पाहायचे असेल, तर नव्वदीच्या कमलाबाईंच्या त्या माहितीपटाकडेच जावे लागते.